कोठीची किल्ली

सूड घ्यायला म्हणून मी देवाच्या दारी गेले नव्हते. तो माणूस आपल्या पायांनी चालत तिथे आला, त्याला मी काय करू?

दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात असते. लोकांची नाकं मोजायची, काड्या वाकवायच्या, ‘फारच शोभतोय हो तुम्हाला’ असं खोटं बोलायचं. संध्याकाळी दुकान बंद झालं की प्रार्थनाघरात सेवेला जायचं. तिथे मागच्या सभागृहात रस्त्यावर राहणाऱ्या लोकांना गरम सूप आणि पाव देतात. त्यांना भिकारी म्हणायचं नाही, बेघर म्हणायचं नाही, पाहुणे म्हणायचं. हा थोरल्या ताईंचा नियम. थोरल्या ताई म्हणजे प्रार्थनाघराच्या प्रमुख. मऊ आवाजाच्या, पण शब्द कडक. पाहुण्याला मागचं काही विचारायचं नाही, हाही त्यांचाच नियम. मी काही संतबिंत नाही. मला वाढायला आवडतं, आणि घरी वाढायचं म्हटलं तर एकटी आई, ती चिमणीएवढं खाते.

तो आला तेव्हा थंडी नुकती पडायला लागली होती. मी त्याला ओळखलं नाही. छातीपर्यंत दाढी, एकावर एक दोन कोट, पायात दोन जातींचे बूट. त्याच्या पुढे एक म्हातारी होती आणि तिची पिशवी बाकाच्या पायात अडकली होती. तो म्हणाला, “बाजूला व्हा, बाई. पिशवी इकडे घ्या.” आवाज चढवला नव्हता. काही माणसांना आवाज चढवावाच लागत नाही, समोरचा आधीच अंग चोरतो. माझ्या हातातला डाव सुटून पातेल्यात बुडाला.

तो आवाज मी याआधी एकदाच नीट ऐकला होता. मी शाळेत होते तेव्हा. आई लहान मुलांच्या दवाखान्यात, स्वयंपाकघरात कामाला होती, आणि शाळा सुटली की मी फाटकाशी तिची वाट बघत उभी राहायची. हा तिथल्या कोठीचा मुख्य. दुधाच्या भुकटीचे डबे, साखर, लोणी, सगळं याच्या किल्लीखाली. सगळे त्याला साहेब म्हणायचे. त्या दिवशी पाळी सुटायच्या वेळेला, आत जाणारे आणि बाहेर पडणारे सगळे फाटकात दाटलेले असताना, तो म्हणाला, “बाई, पिशवी उघडा.” आई हसली. तिला वाटलं, थट्टा चालली आहे. तिने हसतहसतच पिशवी उघडली. आत जेवणाचा रिकामा डबा, अर्धा विणलेला माझा स्वेटर, आणि त्याच्या खाली दुधाच्या भुकटीचा डबा. ती हसली होती, हे मला अजूनही सहन होत नाही.

वर हा म्हणाला काय, तर “पोलिसात देत नाही. पदरात मूल आहे, दया करतो.” झालं! पोलीस नाहीत म्हणजे चौकशी नाही, आणि चौकशी नाही म्हणजे आई जन्माची चोर. तो मात्र दयाळू. साधी चोर असती तर लोक विसरलेही असते, पण आजारी लेकरांच्या तोंडचं दूध पळवणारी बाई कोण विसरेल? आमच्या जिन्यात तिच्या पाठोपाठ लोक कुजबुजायचे. कुठल्याही स्वयंपाकघरात तिला पुन्हा कोणी उभं केलं नाही. तिने घरी बसून कपड्यांच्या कारखान्याची बटणं शिवली, वर्षानुवर्षं, आणि त्या दिवसापासून चहात दूध घेतलं नाही. मी विषय काढला की एकच उत्तर. “सोडून दे.”

मी कशाला सोडतेय! पण इतक्या वर्षांनी शत्रू समोर येतो, तोही हातात वाडगा घेऊन, तेव्हा नेमकं काय करायचं हे कोणी शिकवलेलं नसतं. मी जमलं ते केलं. पातेल्यात वर पाणी तरंगतं आणि भाज्या, मटणाचे तुकडे तळाला बसतात. कोणाला वरचं आणि कोणाला तळाचं, हे वाढणारीच्या हातात असतं. महिनाभर मी त्याला वरचं पाणी पाजलं. पावाचा कडक टोकाचा तुकडा शोधून शोधून द्यायची. तो माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, “देव भलं करो, ताई.” मला ओळखलं नव्हतं. ते मला जास्त लागलं. ज्याने आमचं घर बुडवलं त्याच्या हिशेबी आम्ही लक्षात ठेवायच्याही लायकीचे नव्हतो.

मी पाणी पाजत राहिले आणि साहेब मात्र फोफावत गेले. आधी रांग लावायला लागले. मग बाक पुसायला, मग पातेली घासायला. पावाच्या करंड्या कुठे ठेवायच्या, कोणाला आधी सोडायचं, सगळं साहेब सांगणार. हो, पाहुण्यांनीही त्याला साहेबच नाव पाडलं, आणि मी दातओठ खात ऐकत राहिले. दाढी कापली, कोणीतरी बरा कोट दिला. पाववाले काका, जे रोज आम्हाला पाव पुरवतात, ते म्हणायला लागले, “काय शिस्त आणली हो या माणसाने!” एक निवृत्त मास्तरीणबाई सेवेला असतात, भाजी चिरताना कांद्याआधीच त्यांचे डोळे भरतात. त्या म्हणाल्या, “अशा माणसावर ही वेळ यावी!” कशी वेळ आली ते तो आडून आडून सांगायचा. दारू, मग मुलाने घराबाहेर काढलं, मग पुलाखाली. सरकारी निवारा होता की, पण तिथे तो जायचा नाही. तिथे चोऱ्या होतात म्हणे.

त्या हिवाळ्यात पुलाखालचा एक पाहुणा गारठून मेला. थोरल्या ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी सगळ्या सेवेकऱ्यांना थांबवून घेतलं आणि म्हणाल्या, “राखणदाराची खोली रिकामी आहे. ती साहेबांना द्यावी असं मला वाटतं. पुढच्या रविवारी हात बघू.”

हात बघणं म्हणजे काय ते सांगते. प्रार्थनाघराच्या मागे एक खोली आहे. शेगडी, खाट, खिडकी. तिथे राहणारा राखणदार सभागृहाची आणि धान्याच्या कोठीची किल्ली सांभाळतो. पहिल्यापासून रीत अशी, की ही खोली पाहुण्यांपैकीच कोणाला तरी द्यायची आणि सगळ्या सेवेकऱ्यांचे हात वर गेले तरच द्यायची. बहुमत नाही, सगळ्यांचे. एक हात खाली राहिला तर खोली रिकामी. ज्या घरात एकाच्या जरी मनात अढी आहे ते घर कसलं, असं जुन्या लोकांचं म्हणणं. आणि हात खाली ठेवणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

मी घरी येताना रस्ताभर हसत होते. देवाने माझ्या हातात काय दिलं होतं बघा! नुसता हात मांडीवर ठेवायचा आणि साहेब पुलाखाली.

घरी आईला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. मी सगळं सांगितलं, रांगेपासून खोलीपर्यंत. तिची बोटं थांबली नाहीत.

“जिवंत आहे होय अजून?” ती म्हणाली.

“चांगला ठणठणीत. खोकतो थोडा.”

“दात आहेत?”

“आई!”

“अगं, विचारलं आपलं.” तिने एक किडका वाटाणा बाजूला टाकला. “किल्ली कोठीची का?”

“कोठीची, सभागृहाची. सगळ्याची.”

“हं,” आई म्हणाली आणि साली गोळा करून उठली. “सोडून दे.”

मला तिचा राग आला. खरंच आला. जिच्यासाठी मी दात धरून बसले होते तिला काहीच वाटत नव्हतं. रात्री पडल्या पडल्या मला कळलं की नुसता हात खाली ठेवून माझं भागणार नाही. त्याला खोली मिळाली नाही तर तो बिचारा ठरेल, आणि आई चोर ती चोरच. मला त्याचं तोंड हवं होतं. त्याच्या तोंडून, लोकांसमोर, आईच्या समोर. पुलाखाली तो नंतरही जाऊ शकत होता.

दुसऱ्या संध्याकाळी तो मोरीत पातेल्यांची झाकणं पुसत होता. मी दार लोटून घेतलं.

“साहेब.”

“बोला ताई.”

“मुलांच्या दवाखान्याचं फाटक आठवतं?”

तो झाकण पुसत राहिला. झाकण कोरडं झालं होतं तरी पुसत राहिला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, पहिल्यांदा नीट.

“तुम्ही त्या बाईंच्या…”

“मुलगी. स्वेटर माझाच होता.”

“बाई आहेत?”

“आहेत.”

“देवाची कृपा.”

“देवाला मध्ये घालू नका. डबा कोणी ठेवला होता?”

त्याने दाराकडे पाहिलं. दार लागलेलं होतं. “मी,” तो म्हणाला, आणि लगेच, “ताई, मी रोज देवासमोर कबूल करतो हो. रोज. रडतो.”

“फाटकात देव नव्हता. माणसं होती. रविवारी माणसांसमोर सांगा. मी आईला घेऊन येते.”

“सगळ्यांसमोर?”

“पिशवी सगळ्यांसमोरच उघडली होती.”

मला वाटलं, आता रडेल, पाय धरेल. तो म्हणाला, “आणि मग तुम्ही हात वर कराल?”

बघा! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मला खरं तर तिथेच त्याच्या तोंडावर झाकण फेकावंसं वाटलं. पण मला ते वाक्य हवं होतं, इतकं हवं होतं की मी म्हणाले, “पूर्ण खरं सांगितलंत तर करीन. शब्द देते.”

आई येणार नाही अशी माझी खात्री होती. मी आठवडाभर तिच्या मागे लागायची तयारी करून ठेवली होती. तिने पहिल्याच वाक्याला मान हलवली. रविवारी तिने ठेवणीतली शाल काढली, केस घट्ट बांधले, आणि दारात माझ्या आधी जाऊन उभी राहिली. वाटेत मी तिला म्हणाले, “तुला काही बोलायला लागणार नाही. नुसतं ऐकायचं.” ती म्हणाली, “बरं बाई.”

सभागृहात बाक गोल मांडले होते. थोरल्या ताईंनी आईचे दोन्ही हात धरून स्वागत केलं आणि पुढे बसवलं. मी तिच्या शेजारी. समोर साहेब, इस्त्रीचा सदरा, गुळगुळीत दाढी. आईने त्याच्याकडे एकदा पाहिलं, एखाद्या भाजीवालीच्या टोपलीकडे पाहावं तसं, आणि हात शालीत घेतले. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

प्रार्थना झाली. थोरल्या ताई म्हणाल्या की साहेबांना काही बोलायचं आहे. तो उभा राहिला.

“माझ्या हातून आयुष्यात चुका झाल्या,” तो म्हणाला. “पुष्कळ चुका. मी पापी माणूस आहे.”

मास्तरीणबाईंनी रुमाल काढला. तो बसायला लागला.

“कसल्या?” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. असं विचारायचं नसतं. मी परत विचारलं. “कसल्या चुका? सांगा ना.”

तो पुन्हा उभा राहिला आणि मग मात्र त्याने सांगितलं. कोठीतले दुधाचे डबे तो बाहेर विकायचा. वरून तपासणी येणार असं कळलं, तेव्हा कोणीतरी चोर सापडणं भाग होतं. स्वयंपाकघरात एक बाई होत्या. नवरा नव्हता, भांडायला कोणी येणारं नव्हतं. त्यांची पिशवी खुंटीवर लटकलेली असायची. “मी डबा ठेवला. मीच फाटकात पकडलं. त्या निर्दोष होत्या. त्या इथे बसल्या आहेत.” आणि त्याचा आवाज फुटला. खरोखरचा फुटला. मी खोटं सांगणार नाही, ते रडणं खोटं नव्हतं.

सगळं ऐकून मला काय वाटावं? मी इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य माझ्या कानांनी ऐकलं होतं. मी आईकडे बघायला वळले, तेवढ्यात सभागृह उसळलं. पाववाले काका धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडले. मास्तरीणबाई हुंदके देत म्हणाल्या, “काय धैर्य! काय धैर्य म्हणावं हे!” कोणी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतं, कोणी पाणी आणत होतं. थोरल्या ताई दोन्ही हात छातीशी धरून म्हणाल्या, “आज या घरात देव येऊन गेला.” हरवलेलं मेंढरू सापडल्याचा आनंद त्यांना इतका झाला होता की मेंढराने ज्याला तुडवलं ते माणूस शेजारीच बसलंय, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. आईला कोणी पाणी दिलं नाही. दुधाचं नावही कोणी काढलं नाही.

मग हात वर जायला लागले. कोणी ‘हात’ असं म्हणालंसुद्धा नव्हतं. पाववाल्या काकांचा पहिला, मग मास्तरीणबाईंचा, मग भराभर सगळ्यांचे. साहेब डोळे पुसत मधोमध उभा होता. थोरल्या ताई माझ्याकडे वळून ओल्या डोळ्यांनी हसल्या, जणू आता माझाच काय तो उशीर.

मी शब्द दिला होता. त्याने खरं सांगितलं होतं, पूर्ण सांगितलं होतं. मला ते आवडलं नाही, माझ्या सुडाचा माझ्या डोळ्यांदेखत त्याचा सत्कार झाला होता, पण शब्द तो शब्द. मी हात उचलला. खांद्यापर्यंत आला असेल.

आईने माझं मनगट धरलं. बटणं शिवून शिवून तिची बोटं आखडली आहेत, पण त्या वेळी त्यांत कुठून जोर आला कोणास ठाऊक. तिने माझा हात खाली ओढला आणि मांडीवर दाबून धरला.

“खाली,” ती म्हणाली.

थोरल्या ताई हळूच म्हणाल्या, “माई, त्यांनी तुमची क्षमा…”

“माझं ऐकलं मी. बरं वाटलं,” आई म्हणाली. ती उठली नाही, बसूनच बोलली, आवाज न चढवता. “हे डबे विकायचे म्हणाले. ते दूध कोणाचं होतं, ते विचारलं का कोणी? तिथे पोरं होती. चालता न येणारी, नुसती दुधावर राहिलेली. हे म्हणायचे, माल कमी आलाय, बाई, बसवा कसंतरी. मी पाणी घालून बसवायची. पोरांना कळायचं. ती पेला तोंडाला लावायची आणि माझ्याकडे बघायची. मी मुकादमाला सांगितलं की दूध पुरत नाही. त्याच आठवड्यात माझी पिशवी उघडली.”

साहेब आता रडत नव्हता.

“तुम्ही नुसतं मला चोर म्हणून घालवलं असतं,” आई त्याला म्हणाली, “तर मी आज हिला म्हटलं असतं, कर हात वर. हिला मी इतकी वर्षं सांगतेय सोडून दे, कारण पिशवी माझी होती. माझं मी सोडू शकते. दूध माझं नव्हतं.”

थोरल्या ताईंचा हात अजून वरच होता. आई त्यांच्याकडे वळली. “याला जेवू घाला. रोज घाला, पोटभर घाला. शेगडी हवी तर शेगडी द्या, माझ्या घरची नेऊन द्या. पण लोकांच्या तोंडच्या घासाची किल्ली याला? आणि रडला म्हणून?”

पाववाले काका त्याच्या खांद्यावरचा आपला हात काढून घेण्याआधी थोडे घुटमळले, मग त्यांनी तो काढला. वरचे हात एकेक करून खाली आले. माझ्या मनगटावर आईची नखं रुतली होती आणि दुखत होतं, आणि मला इतका आनंद झाला होता की लाज वाटावी. मला लाज वाटली नाही.

साहेबाने आईकडे पाहिलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच. “बाई,” तो म्हणाला, “एक संधी…”

“त्या पोरांना विचारा,” आई म्हणाली. “आहेत त्यांतली कोणी शिल्लक, तर विचारा.”